टाळ्या घरी आणणारा माणूस: डूई बाल्फा आणि केजन संगीताचं प्रकरण

1970 च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यात, फ्रेंच बोलणाऱ्या केजन समाजातल्या तीन वादकांनी मिळून एक रेकॉर्ड केलं. गिटार वाजवत गाणारा डी. एल. मेनार्ड एराथ गावात लाकडी खुर्च्या बनवायचा. अकॉर्डियनवर होता मार्क सावॉय; तो युनिसला स्वतःच्या हातांनी अकॉर्डियन बनवून विकायचा. फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, डूई बाल्फा, आणि त्याचं बझीलमध्ये फर्निचरचं दुकान होतं. दुकानाशिवाय आयुष्यात डूईने शेती केली, व्यापारी जहाजांवर काम केलं, विमा विकला, शाळेची बस चालवली. तिघंही त्या मुलखातले अव्वल वादक. तिघांनाही पुढे अमेरिकेचा सर्वांत मानाचा लोककला सन्मान मिळाला. तरी नुसत्या कार्यक्रमांच्या बिदागीवर तिघांपैकी एकाचीही चूल पेटत नव्हती.

त्या मुलखात यात नवल काहीच नव्हतं. बझीलमध्येच राहणारा नेथन ॲबशर, ज्याच्या अकॉर्डियनवरचा ब्लूज ऐकताना आजही अंगावर काटा येतो, गावच्या कचरा डेपोवर राखणदार होता. फिडलचा जुना उस्ताद डेनिस मॅगी युनिसमध्ये लोकांचे केस कापायचा. तिथे वादकाची ओळख करून देताना आधी त्याचा धंदा सांगतात, वाद्य नंतर येतं.

या सगळ्यांत डूई बाल्फाचं प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण त्याच्या वाट्याला एक वेगळंच काम आलं. ज्या संगीताची त्याच्या स्वतःच्या माणसांना लाज वाटत होती, ते त्याने त्यांच्याच दारात परत आणून ठेवलं. ते कसं घडलं, कुणाच्या मदतीने घडलं आणि त्याची किंमत काय होती, हे पाहण्यासारखं आहे.

मुलूख आणि लाज

1755 मध्ये ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया भागातून, म्हणजे तेव्हाच्या अकॅडीतून, फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांना हुसकून लावलं. घरं जाळली, कुटुंबं वेगवेगळ्या जहाजांत कोंबली. त्यांतले बरेच जण अनेक वर्षं भटकून लुइझियानाच्या दक्षिणेला येऊन राहिले. 'अकॅडियन' हा शब्द बोलीत झिजला आणि इंग्रजीत त्याचा 'केजन' झाला. मामू, युनिस, बझील, व्हील प्लॅट ही गावं लाफायेत शहराच्या वायव्येला, सपाट गवताळ प्रदेशात आहेत. भात, कापूस आणि गुरं यांवर जगणारा हा मुलूख. याच भागात फ्रेंचच बोलणारे कृष्णवर्णीय क्रिओल लोकही राहत होते, आणि आज जिला आपण केजन संगीत म्हणतो ती चीज दोघांनी मिळून घडवलेली आहे.

घरातला नाच, 'बाल दे मेझाँ', हे या संगीताचं मूळ ठिकाण. शनिवारी कुणाच्या तरी घरी बाजा, खुर्च्या अंगणात टाकायच्या, मधली खोली नाचायला मोकळी करायची. लहान मुलांना मागच्या खोलीत ओळीने निजवायचं. 'फे दो-दो', म्हणजे 'गाई गाई कर', हे आईचे शब्द, आणि तेच पुढे अशा नाचाच्या रात्रीचं नाव झालं. वाद्यं मोजकी: फिडल, दहा बटणांचं छोटं अकॉर्डियन, आणि गवत ओढायच्या दाताळ्याच्या जुन्या लोखंडी दात्यांपासून वाकवून केलेला त्रिकोण. अकॉर्डियन जर्मनीहून यायचं. आपल्याकडे कीर्तनात आणि संगीत नाटकात रुळलेली पेटी याच कुळातली. आत धातूच्या पट्ट्या, भाता ओढला की त्या थरथरतात. युरोपातून निघालेलं एकच कुटुंब एकीकडे आपल्या माजघरात येऊन बसलं, दुसरीकडे लुइझियानाच्या भातशेतांत, याची मला फार गंमत वाटते.

1928 च्या एप्रिलमध्ये जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो या जोडीने न्यू ऑर्लिन्समध्ये केजन संगीताची पहिली तबकडी मुद्रित केली. पाठोपाठ अमेदे आर्द्वां हा क्रिओल अकॉर्डियनवाला आला. त्याने 1929 पासून पाच वर्षांत ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांवर आजही प्रत्येक केजन वादक शिकतो. बरीच मुद्रणं त्याने गोऱ्या डेनिस मॅगीच्या फिडलच्या साथीने केली, त्या काळात. एका नाचाच्या रात्री गोऱ्या घरातल्या बाईने त्याला घाम पुसायला रुमाल दिला आणि त्यापायी त्याला बेदम मारहाण झाली, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. 1942 मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो गेला. या मुलखातल्या वादकांचं आयुष्य लिहायला घेतलं की हा माणूस वाटेत येतोच, आणि त्याला ओलांडून पुढे जाता येत नाही.

लाज मात्र शाळेत शिकवली गेली. 1921 च्या राज्यघटनेने लुइझियानाच्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली. घरी फक्त फ्रेंच ऐकलेली सहा वर्षांची पोरं वर्गात गेली आणि तोंडातून आपली भाषा निघाली म्हणून छड्या खाऊ लागली. 'शाळेच्या आवारात मी फ्रेंच बोलणार नाही' ही ओळ शेकडो वेळा लिहून काढण्याची शिक्षा त्या पिढीच्या जवळपास प्रत्येकाच्या आठवणीत आहे. अशी पोरं मोठी झाली, आईबाप झाली, तेव्हा त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणं थांबवलं. मग तेलाच्या विहिरी आल्या, पगार आले, रेडिओवर टेक्सासचं संगीत आलं. जुन्या चालींना 'चँकी-चँक' म्हणून हिणवणं सुरू झालं. हिणवणारे बाहेरचे कमी आणि घरचेच जास्त होते.

बाल्फांचं घर

डूईचा जन्म 1927 मधला, मामूजवळचा. वडील चार्ल्स बाल्फा दुसऱ्याची जमीन वाट्याने कसायचे आणि फिडल वाजवायचे, गायचे. भावंडं बरीच. थोरला विल फिडल वाजवायचा, धाकटा रॉडनी गिटार आणि गळा दोन्हींत तरबेज. दिवसभर शेतात राबल्यावर घरात एवढीच करमणूक, आणि तीच तालीम.

विल आणि डूई यांच्या दोन फिडलांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण या प्रकरणाचं मर्म तिथे आहे. जुन्या केजन पद्धतीत एक फिडलवाला चाल वाजवतो, आणि दुसरा त्याच्याखाली जाड तारांवर सूर धरून बोने, म्हणजे गजाने, ठेका देत राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर खर्ज आणि ठेका दोन्ही एकाच हाताने सांभाळतो. अकॉर्डियन ज्या पट्टीत असतं तिच्याशी जुळावं म्हणून फिडलच्या तारा नेहमीपेक्षा एक स्वर उतरवतात, त्यामुळे आवाजाला भरदार, किंचित घोगरा रंग येतो. ही साथ कागदावर लिहिता येत नाही. पुढचा माणूस कुठे श्वास घेणार, कुठे चाल ओढणार हे ठाऊक असावं लागतं. लहानपणापासून एकाच छपराखाली झोपलेल्या दोन भावांना ते ठाऊक होतं.

युद्धानंतर भावांनी नाचघरांत वाजवायला सुरुवात केली. त्या काळात केजन संगीताला पुन्हा थोडी उभारी आली होती. 1948 मध्ये आयरी लेजून या जवळजवळ अंध अकॉर्डियनवाल्याचं रेकॉर्ड निघालं आणि सैन्यातून परतलेल्या पोरांना आपल्या घरचा आवाज पुन्हा ऐकू आला. पण 1955 मध्ये एका रात्री कार्यक्रमाहून परतताना रस्त्यात गाडीचं चाक बदलत असताना दुसऱ्या गाडीने धडक दिली आणि लेजून तिथेच गेला. वय पंचविशीच्या आसपास. रात्रीच्या सुपाऱ्या, अरुंद रस्ते, पहाटेचा परतीचा प्रवास: गावोगाव वाजवणाऱ्या माणसाच्या धंद्यातला हा धोका पुढेही या गोष्टीत येणार आहे.

न्यूपोर्ट, जुलै 1964

ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव तेव्हा भरात होता. महोत्सवातून शिल्लक राहिलेला पैसा गावोगावचं जुनं संगीत शोधण्यावर खर्च करायचा, असं त्याच्या संस्थेने ठरवलं होतं. त्या कामावर राल्फ रिंझ्लर हा तरुण नेमला गेला. तो लुइझियानात फिरला. मामूमध्ये वकील पॉल टेट आणि शिक्षक रेव्हन रीड यांनी त्याला वाट दाखवली. वादक ठरले: अकॉर्डियनवर ग्लॅडियस थिबोडो, फिडलवर 'व्हिनेस' लेजून. गिटारवाला ऐनवेळी हुकला आणि त्याच्या जागी डूई बाल्फा गेला. आयुष्यभर फिडलसाठी ओळखला गेलेला माणूस आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या मंचावर गिटार घेऊन, बदली म्हणून उभा राहिला.

जाण्याआधी त्याच मुलखातल्या ऑपेलुसास गावच्या वर्तमानपत्रात अग्रलेख आला. असलं किरकिरं संगीत परमुलखात नेऊन आपलंच हसं होणार, असा त्याचा सूर होता. लिहिणाऱ्याला दुष्ट म्हणावंसं मला वाटत नाही. त्या भागातल्या शिकलेल्या माणसांचं तेव्हा तेच प्रामाणिक मत होतं, आणि ते प्रामाणिक होतं हीच त्यातली खरी शोकांतिका.

पुढे डूई सांगायचा की त्याआधी एका वेळी दोनशे माणसंही त्याने कधी समोर पाहिली नसतील. न्यूपोर्टला सतरा हजार होती, आणि त्यांनी या तिघांना मंचावरून उतरूच दिलं नाही. ती माणसं फ्रेंच समजत नव्हती. नाचायलाही आली नव्हती. नुसती बसून ऐकत होती.

डूई तेव्हा 37 वर्षांचा होता. अशा वेळी कलाकारापुढे एक सरळ रस्ता असतो: बॅग भरायची, मोठ्या शहरात जायचं, तिथल्या रसिकांच्या प्रेमावर जगायचं. डूई बझीलला परत आला. त्या टाळ्यांचा प्रतिध्वनी मला माझ्या माणसांना ऐकवायचा आहे, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. न्यूपोर्टला मिळालेला मान त्याने स्वतःपुरता जपून ठेवला नाही. गावाला दाखवण्याचा पुरावा म्हणून वापरला.

प्रतिध्वनी गावात पोहोचवण्याचे उद्योग

पहिली अडचण तबकडीची. व्हील प्लॅटमध्ये फ्लॉइड स्वालो याची रेकॉर्ड कंपनी होती. आडनावाचा तिथला उच्चार 'स्वालो', म्हणून कंपनीचं नावही इंग्रजी पक्ष्यावरून 'स्वॅलो'. बाल्फा बंधूंनी जुन्या पद्धतीचं, दोन फिडलांचं संगीत मुद्रित करावं म्हणून डूई त्याच्याकडे गेला, तेव्हा स्वालो पटकन तयार झाला नाही. नाचघरांत तेव्हा स्टील गिटार आणि ड्रम चालत होते. हे जुनं कोण घेणार? धंद्याच्या हिशेबाने त्याची शंका योग्यच होती. शेवटी त्याने ते काढलं, आणि 1960 च्या दशकाच्या मध्यावर निघालेलं ते रेकॉर्ड आज केजन संगीताच्या पायाभूत मुद्रणांत मोजलं जातं. 1967 मध्ये डूई, विल आणि रॉडनी हॅडली फॉन्टेनो या अकॉर्डियनवाल्यासह भाऊ म्हणून न्यूपोर्टला गेले. त्याच्या आदल्या वर्षी 'ब्वा सेक' आर्द्वां आणि कॅनरे फॉन्टेनो ही क्रिओल जोडीही तिथे वाजवून आली होती.

दुसरं काम संस्थेचं. न्यूपोर्टच्या मदतीने लुइझियानात लोककलेसाठी एक छोटी संस्था उभी राहिली. भाताच्या आणि रताळ्याच्या जत्रांमध्ये जुन्या वादकांच्या स्पर्धा आणि बक्षिसं सुरू झाली. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण ज्या म्हाताऱ्याने वीस वर्षांपूर्वी फिडल खुंटीवर टांगली होती, त्याला गावच्या जत्रेत सगळ्यांसमोर पाकीट मिळतं, तेव्हा घरी गेल्यावर त्याचा नातू त्या फिडलकडे वेगळ्या नजरेने बघतो.

तिसरी अडचण जास्त अवघड होती, कारण ती मित्रपक्षाकडून आली. 1968 मध्ये राज्याने लुइझियानातली फ्रेंच भाषा वाचवण्यासाठी एक परिषद स्थापन केली. लाफायेतचे वकील आणि माजी खासदार जेम्स डोमेंजो तिचे प्रमुख. त्यांनी फ्रान्स, बेल्जियम आणि कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमधून शिक्षक आणले. भाषेबद्दलची त्यांची तळमळ खरी होती. पण त्यांच्या मनातली फ्रेंच म्हणजे पुस्तकी फ्रेंच, आणि नाचघरातलं संगीत त्यांना सुरुवातीला त्या प्रतिष्ठित कामात बसणारं वाटत नव्हतं. प्रमाण भाषेच्या कैवाऱ्याला बोलीतलं गाणं खटकावं, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

इथे बॅरी ॲन्सेले हा विद्यार्थी गोष्टीत येतो. तो फ्रान्समध्ये शिकत होता. तिथे कुणीतरी केजन गाणं वाजवलं आणि घरापासून हजारो मैलांवर आपलंच काहीतरी ऐकू येतंय हे त्याच्या लक्षात आलं. परत आल्यावर तो डूईला भेटायला गेला. त्या भेटीगाठींतून मोठ्या कार्यक्रमाची कल्पना पुढे सरकली, रिंझ्लर तेव्हा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेत होता, त्याचाही हात लागला, आणि डोमेंजो तयार झाले.

26 मार्च 1974

लाफायेतच्या ब्लॅकहॅम कोलिझियममध्ये 'केजन संगीताला मानवंदना' असा कार्यक्रम ठेवला गेला. एरवी तिथे गुरांची प्रदर्शनं आणि रोडिओ भरतात. त्या रात्री पाऊस कोसळत होता. तरी सुमारे 12,000 माणसं आली, आत मावेनात. मंचावर डेनिस मॅगी, नेथन ॲबशर, ब्वा सेक आर्द्वां, झायडेकोचा, म्हणजे क्रिओल लोकांच्या अकॉर्डियनवरच्या नाचसंगीताचा, बादशहा क्लिफ्टन शेनिये, कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलपर्यंत पोहोचलेला जिमी सी. न्यूमन आणि बाल्फा बंधू होते.

आयोजकांनी एक गोष्ट मुद्दाम केली होती: नाचायला जागा ठेवली नाही. लोकांनी बसावं आणि मंचाकडे तोंड करून ऐकावं, अशी रचना केली. पिढ्यान्‌पिढ्या हे संगीत पाठीमागे चालू असायचं; नाचणारे एकमेकांकडे बघायचे, वादकाकडे फारसं कुणी बघायचं नाही. त्या रात्री गावकरी पहिल्यांदा आपल्याच सुताराला, न्हाव्याला, बसवाल्याला दिव्याखाली बसलेलं पाहत होते, न्यूपोर्टच्या लोकांनी पाहिलं होतं तसंच.

या युक्तीबद्दल माझ्या मनात दोन विचार आहेत. नाचापासून तोडलेलं नाचाचं संगीत थोडं परकं होतं, त्याचा वेग बदलतो, वादक प्रेक्षकाकडे पाहून वाजवू लागतो. हे नुकसान खरं आहे. पण ज्या समाजाने पन्नास वर्षं त्याच्याकडे पाठ फिरवली, त्याला एक रात्र समोर बसवणं गरजेचं होतं, आणि त्या एका रात्रीपुरता आयोजकांचा निर्णय मला पूर्ण पटतो. नाच परत यायला वेळ लागला नाही. तो कार्यक्रम पुढे वार्षिक झाला, लाफायेतच्या बागेत मोकळ्या हवेत गेला, आणि तिथे आता लोक धूळ उडेपर्यंत नाचतात.

त्या रात्रीनंतर तरुणांची एक फळी उभी राहिली. मायकेल डूसे डेनिस मॅगी आणि डूईकडे जाऊन शिकला. त्याचा 'बोसोले' हा वाद्यवृंद जगभर फिरला आणि 1998 मध्ये ग्रॅमी घेऊन आला. ज्या भाषेसाठी आजोबांना छडी बसली, तिच्यात गाऊन.

पुन्हा शाळेत

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात डूईला लोककलाकार शाळेत नेण्याच्या सरकारी योजनेतून काम मिळालं. फिडल घेऊन तो वर्गावर्गांत गेला. वाजवायचा, फ्रेंचमध्ये गायचा, आपल्या वडिलांच्या गोष्टी सांगायचा, आणि ही चाल कुठून आली, हा शब्द कसा म्हणतात हे मुलांना समजावायचा. एकेकाळी त्याच शाळांपर्यंत तो बस चालवत मुलांना आणून सोडायचा. आणि त्याच्या पिढीने फ्रेंच बोलण्याची शिक्षा भोगली ती याच प्रकारच्या वर्गांत.

डूईच्या सगळ्या कामात मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, महोत्सवांपेक्षाही. महोत्सवात आलेला माणूस ऐकून घरी जातो. शाळेतल्या दहा मुलांपैकी एखादं घरी जाऊन आजोबांना विचारतं, 'तुम्हाला येतं का असं वाजवता?' आणि त्या म्हाताऱ्याला चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

फेब्रुवारी 1979

विल आणि रॉडनी मोटार अपघातात गेले. एकाच गाडीत, एकाच वेळी.

वर दोन फिडलांबद्दल जे सांगितलं ते इथे आठवावं. बाल्फा बंधूंचं संगीत घराच्या खांबांवर उभं होतं. दुसरं फिडल गेलं, गिटार आणि तो गळा गेला. भाड्याचा साथीदार मिळतो, पण पन्नास वर्षं आपल्या श्वासाबरोबर श्वास घेणारा थोरला भाऊ कुठून आणायचा? पुढच्याच वर्षी, 1980 मध्ये, डूईची पत्नी हिल्डाही गेली.

कुटुंबाचा बँड हा या मुलखातला सर्वांत टिकाऊ प्रकार मानला जातो. पगार द्यावा लागत नाही, तालीम जेवणाच्या टेबलावर होते, भांडलं तरी सुटत नाही. पण त्याचा विमा कुणी काढलेला नसतो. एक रस्ता, एक रात्र, आणि दोन पिढ्यांची साथ संपते. पंधरा वर्षं जगभर लोकांना टिकवण्याचं महत्त्व सांगणाऱ्या माणसाच्या हातात 52 व्या वर्षी अर्धं फिडल उरलं.

तो थांबला नाही. रॉडनीचा मुलगा टोनी गिटार घेऊन काकाबरोबर उभा राहिला. मित्र आले. 1982 मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो लोककला सन्मान, पहिल्यांदाच दिले गेले, त्या पहिल्या मानकऱ्यांत डूईचं नाव होतं. लुइझियानातल्या चित्रपटांतही त्याचं फिडल दिसलं. पण या काळात त्याने खरा जीव ओतला शिकवण्यात: विद्यापीठात, वेस्ट व्हर्जिनियातल्या शिबिरांत, स्वतःच्या घरात. मामूचा स्टीव्ह रायली शाळकरी वयातच त्याच्याबरोबर फिरू लागला. रात्रीच्या प्रवासात, कार्यक्रमाआधी, कार्यक्रमानंतर, पोरगा जवळून ऐकत होता. याला आपल्याकडे तालीम म्हणतात, आणि ती वर्गात होत नाही. स्टीव्हने 1988 मध्ये स्वतःचा मामू प्लेबॉइज हा वाद्यवृंद काढला.

आधी हे संगीत घराबाहेर द्यायची वेळ आली नव्हती, कारण घर भरलेलं होतं. घर रिकामं झाल्यावर डूईने ते घराबाहेर दिलं. मला वाटतं, बाल्फांची चाल आज जी शेकडो अनोळखी हातांत आहे, तिचं एक कारण हे दुःख आहे. हे लिहितानाही जड जातं.

पैशाचं काय

असं प्रकरण लिहिताना पैशाचा विषय बहुतेक जण टाळतात. सन्मान मिळाले, टाळ्या मिळाल्या, म्हणून कलाकाराचं भलं झालं असं गृहीत धरतात.

स्थानिक रेकॉर्ड कंपनीच्या तबकड्या मुख्यतः आसपासच्या दुकानांत आणि जुकबॉक्समध्ये खपत. नाचघरात दारावर जमलेल्या पैशाचे बँडमध्ये वाटे पडत, चार-पाच जणांत. न्यूपोर्टसारख्या महोत्सवात मान मोठा आणि बिदागी बेताची. म्हणजे डूईचं फर्निचरचं दुकान हे त्याच्या कलेच्या आड आलेलं ओझं नव्हतं. त्या दुकानाच्या बळावरच तो स्वालोला न खपणारं जुनं संगीत छापायला सांगू शकला आणि नाचघराच्या मालकाला 'स्टील गिटार आण' या अटीवर नकार देऊ शकला. पोट बिदागीवर असतं तर बाजार सांगेल तसं वाजवावं लागलं असतं. डी. एल. मेनार्डने आपलं सर्वांत गाजलेलं गाणं 1962 मध्ये पेट्रोल पंपावर नोकरी करताना, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात रचलं. आणि मार्क सावॉयने तर वाद्य बनवणं हाच धंदा केला, म्हणजे संगीत आणि पोट यांतलं अंतर कमीत कमी ठेवलं.

पण यावरून 'कलाकाराने नोकरी करावी आणि संगीत हौशीने करावं' असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. नेथन ॲबशरने कचऱ्याची राखण केली ती कलेच्या स्वातंत्र्यासाठी नव्हे, गरजेपोटी. दुकानदार आणि राखणदार यांत फरक आहे. 1970 च्या दशकात शाळांच्या योजनेतून, शिबिरांतून, विद्यापीठातून शिकवण्याचे पैसे मिळू लागले, तेव्हाच या मुलखात संगीतावर जगण्याची पहिली धड वाट तयार झाली. स्टीव्ह रायलीच्या पिढीने ती वापरली. तीही अरुंदच. 2007 मध्ये ग्रॅमीने झायडेको आणि केजनसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि 2011 मध्ये तो बंद करून इतर प्रादेशिक संगीतात मिसळून टाकला. चार वर्षांत दार उघडलं आणि मिटलं. गावच्या वादकाने अशा दारांवर आयुष्य बेतू नये, असं मला वाटतं.

1992 आणि नंतर

डूई 1992 च्या जूनमध्ये युनिसला गेला. 65 वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याची मुलगी क्रिस्टीन हिने वाद्यवृंद काढला आणि नाव ठेवलं 'बाल्फा तुझूर'. फ्रेंचमध्ये 'तुझूर' म्हणजे नेहमी, कायम. त्यात ती गिटार वाजवते आणि तो जुना लोखंडी त्रिकोण.

डूईच्या नावाने केजन आणि क्रिओल संगीताचं शिबिर भरतं. अकॉर्डियन, फिडल, गाणं, नाच, स्वयंपाक, सगळं त्यात आहे. दूरदूरच्या राज्यांतून माणसं येतात. संध्याकाळी वर्ग संपले की खुर्च्या गोल मांडल्या जातात आणि म्हातारे, पोरं एकत्र वाजवतात. गोलात एक जण चाल वाजवतो. त्याच्या शेजारी बसलेला दुसरा, आवाज न करता आधी दोन कडवी ऐकतो, मग तारा उतरवलेल्या फिडलवर जाड तारेला बो लावून त्याच्याखाली सूर धरतो, विल धरायचा तसा.